कावळ्याला कबूल केलेली गाडी

विजय,

तुझ्या मोठ्या भावाने कावळ्याला गाडी कबूल केली आहे. लाल रंगाची. शब्द इंदुरीला नदीकाठी दिला गेला, तुझ्या दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर. तो दिल्यावर कावळा पिंडाला शिवला, त्यामुळे आता तो मागे घेता येत नाही.

तुला सांगण्यासारखी पहिली बातमी हीच होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. बाकीचं, म्हणजे जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात कोण, हे मी आपल्या जुन्या पेपरच्या ऑफिसला कळवलं होतं. ते आतल्या पानावर खालच्या कोपऱ्यात छापून आलं. मांडणी, म्हणजे तुझं खातं, वाईट होती. फोटो डावीकडून इतका कापला होता की तुझा एक कान गेला. तू असतास तर पान लावणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला असतास आणि आवाज न चढवता ते पुन्हा लावून घेतलं असतंस. मी ते तसंच राहू दिलं. नोकरीत इतक्या मृत्युलेखांना मथळे दिले की आता एखादा चुकला तरी फोन उचलण्याचं त्राण राहत नाही.

तर दहावा. ऊन कडक होतं. पायऱ्यांवर पिंड मांडला होता, विधी तुझ्या पुतण्याने केला. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले दिसत होते, पण खाली एकही उतरत नव्हता. गुरुजींना पुढे सोमाटण्याला दुसरं काम होतं. ते म्हणाले, "कोणाला काही बोलायचं असेल तर बोला. मनात काहीतरी राहिलेलं दिसतं. नाहीतर मग दर्भाचा कावळा करू."

मग एकेक जण पुढे झाला. गौरी म्हणाली, "बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन जाणार आहे. तिची काळजी करू नका." कावळा हलला नाही. मंदावहिनी म्हणाल्या, "मी गोळ्या वेळेवर घेईन." मागे बायका रडल्या. कावळा हलला नाही. तुझ्या चुलत्यांनी बांधावरच्या आंब्याचा वाद मिटल्याचं जाहीर केलं. त्या वादाशी तुझा संबंध नव्हता असं मला वाटतं. पण मिटला.

शेवटी तुझे थोरले, बबनभाऊ, पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"इज्या," ते म्हणाले, "तुजी गाडी घेतो बाबा. ती लाल. तुज्या दाराशी आनून हुबी करतो. आता नको छळू."

त्याच वेळी पुतण्याच्या डोक्यावर उन्हासाठी धरलेली काळी छत्री कोणीतरी मिटली. कावळा उतरला. दोन गोष्टी एका वेळी घडल्या, शब्द दिला गेला आणि छत्री मिटली. मी दोन्ही नोंदवतो. इंदुरीत मात्र पहिलीच सांगितली जाते. वर जाताना माझ्यापुढे दोन बायका चालल्या होत्या. एक म्हणाली, "गाडीत जीव अडकलाता बाई." दुसरी म्हणाली, "आन कदी बोलला न्हाई. लय सोशिक."

ती गाडी कुठली, हे त्या घाटावर आम्हा तिघांनाच माहीत होतं, वहिनी, गौरी आणि मी. ती लोणावळ्याला तुझ्या घरात टीव्हीच्या कपाटावर होती. पुठ्ठ्याचा डबा, मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढा. आत प्लास्टिकचे सुटे भाग, ते जोडून वीतभर लांबीची गाडी करायची. डब्यावर चित्र. जुन्या काळातली बुटकी लाल शर्यतीची गाडी ओल्या रस्त्यावरच्या वळणातून आपल्या अंगावर येते आहे, चालकाचा गळपट्टा मागे उडतो आहे, चाकांमागे पाण्याचे फवारे आहेत. तू गेलास त्या दिवशी शेजारच्या बायकांनी फोटो ठेवायला जागा पाहिली, तेव्हा कपाटावर डब्याच्या पुढे हातभर जागा होती. हार मोठा आणला होता. तो फोटोवर मावला नाही आणि डब्याच्या कोपऱ्याला अडकला. पुढचे सगळे दिवस भेटायला येणारा माणूस तुला आणि गाडीला मिळून नमस्कार करत होता. त्यातून इंदुरीच्या लोकांनी जो अर्थ काढला, त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही.

तुझं हे वेड कोणाला नीट सांगता येत नसे. गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधणारे लोक असतात, त्या जमवणारेही असतात. तू किट घ्यायचास ते डब्यावरचं चित्र पाहून, आणि ठेवायचास तो फक्त डबा.

पहिला डबा आपण नोकरीत नवे असताना घेतलास. सुटीच्या दिवशी पुण्यात लष्कर भागातल्या एका खेळण्यांच्या दुकानावरून आपण चाललो होतो. काचेमागे एक हिरवी गाडी लाकडी पुलावरून जात होती. तू इतका वेळ उभा राहिलास की दुकानदार बाहेर आला. डबा घेऊन आपण समोरच्या इराण्याकडे बसलो आणि तिथेच तो उघडला. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले भाग आणि सूचनांचा कागद. पूल नव्हता. नदी नव्हती. हिरवा रंगही नव्हता, तो आपला आपण आणायचा होता. तू आत एकदा पाहिलंस, सगळे भाग माझ्या शबनम पिशवीत ओतलेस आणि रिकामा डबा छातीशी धरलास.

"झालं," म्हणालास. "आता तुझं."

मी ती गाडी बांधली. सूचनांच्या कागदाबरहुकूम, एकही भाग न चुकवता. दाखवायला आणली तेव्हा तू ती हातात घेतलीस आणि दुसऱ्याचं मूल पाहावं तसं "छान आहे" म्हणालास. थोड्या वेळाने म्हणालास, "पण ही उभी आहे रे, शिऱ्या. ती जात होती."

पुढे हीच पद्धत पडली. डबा तू निवडायचास. घरी आणून महिनाभर टीव्हीवर ठेवायचास, त्या महिन्यात तो उघडायची मुभा कोणाला नसे. मग मला निरोप यायचा, "ये, सोडवू." मी तळेगावहून लोणावळ्याला यायचो, तू जेवणाच्या टेबलावर वरचं पारदर्शक आवरण ब्लेडने कापायचास, आत एकदा पाहायचास, भाग माझ्या पिशवीत आणि डबा तुझ्या कपाटात. त्यामुळे आज माझ्याकडे पुष्कळ गाड्या आहेत, एकीलाही डबा नाही. तुझ्याकडे तितकेच डबे आहेत, एकातही गाडी नाही. तिसऱ्या कोणी पाहिलं तर त्याला वाटेल की या दोघांत कोणीतरी कोणाला फसवलं आहे.

वाद मात्र कधी संपला नाही. माझं म्हणणं सरळ होतं. डब्यावरचं चित्र ही जाहिरात आहे. आत जे नाही ते बाहेर दाखवायचं, याला आपल्या धंद्यात खोटा मथळा म्हणतात. आणि खोटा मथळा देणाऱ्याला मी आयुष्यभर बातमी परत पाठवत आलो. तुझं म्हणणं असं की मथळा बातमीसाठी नसतोच, तो माणसाला थांबवण्यासाठी असतो. थांबला, की आपलं काम झालं. पुढे त्याने वाचावं किंवा वडा बांधून न्यावा.

"आणि फसला तर?" मी विचारायचो.

"मी दर वेळेला फसतो," तू म्हणायचास. "माहीत असून फसतो. तू एकदा फसून बघ, बरं वाटतं."

लोणावळ्याच्या दमट हवेत पुठ्ठा टिकत नाही. डब्यांच्या कपाटात तू पावसाळाभर पिवळा दिवा लावून ठेवायचास, गावात लोक गरम कपड्यांना ठेवतात तसा. वहिनींच्या रेशमी साड्यांना बुरशी आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या कपाटाला दिवा नाही आणि तुमच्या खोक्यांना आहे." दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या कपाटातही दिवा लावलास. साड्यांसाठी डब्यांचा दिवा मात्र काढला नाहीस. परवा मी आलो तेव्हा दिवा चालू होता. पावसाळा नाही, काही नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हात जातो."

खऱ्या गाडीचं तुला काही नव्हतं. तू गाडी चालवायला शिकला नाहीस. घाटात मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचास. शनिवार-रविवारी भुशी धरणावर जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची, तेव्हा आपण गॅलरीत चहा घेत बसायचो आणि तू एकेक गाडी पाहून निकाल द्यायचास. "हिचा डबा होणार नाही. हिचाही नाही. त्या टेम्पोचा होईल, बघ, ताडपत्री कशी फुगलीय." अशा माणसाच्या नावावर आता भावकीत एक लाल गाडी लिहिली गेली आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने शाल आणि नारळ दिला. तू एक डबा दिलास. त्यावर स्वतः रंगवलेलं चित्र होतं. माझं टेबल वळणावरून भरधाव चाललं आहे, कागद मागे उडतायत, मी पेन दातात धरून पुढे झुकलोय. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"आत काय बांधायचं?" मी विचारलं.

"ते तू घरी जाऊन बघ," म्हणालास. "कागद हरवलाय."

त्या डब्यात मी गोंदाच्या नळ्या आणि ब्रश ठेवतो. ऑफिसातल्या त्या टेबलापाशी मी इतक्या वेगात कधीच नव्हतो. पण चित्र पाहिलं की त्या वर्षांचं काहीतरी मोल होतं असं वाटतं, आणि ते मला शालीने वाटलं नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

शेवटच्या वादाबद्दल लिहायला हवं. तुला दवाखान्यातून घरी आणलं होतं. लाल गाडीचा डबा तू आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यात आणला होतास, त्याचा महिना दवाखान्यातच गेला होता. मला वाटलं होतं, त्या दिवशी सोडवू. तू नको म्हणालास. महिना पाहण्याचा असतो, नुसता जाण्याचा नसतो, असं तुझं म्हणणं. पलंगावरून तुला डबा दिसावा म्हणून वहिनींनी पलंग हलवला होता.

तू म्हणालास, "वळणाच्या आतल्या अंगाचं पुढचं चाक बघ. उचललंय."

मी चष्मा लावून जवळून पाहिलं. मला ते टेकलेलं दिसलं. तसं सांगितलं.

"सावली बघ की. चाकापासून सुटी आहे."

"रंग सरकलाय," मी म्हणालो. "छपाईत असं होतं."

"छपाईचं तू मला सांगतोस?"

"तूच एकटा म्हणतोयस. एका माणसाने सांगितलेलं आपण छापत नव्हतो. दुसरा आण."

"मंदाला विचार."

वहिनी आतून म्हणाल्या, "मला तुमच्या भांडणात ओढू नका. मला पेज ढवळायचीय."

तू हसलास, मग खोकलास, मग भिंतीकडे वळलास. म्हणालास, "ठीक आहे. दुसरा मिळेल तेव्हा छाप." मी शेवटची लोकल गाठायला निघालो. पुढच्या खेपेला तू बोलण्याच्या पलीकडे होतास. त्यामुळे आपल्यातला अखेरचा विषय एका चाकाचा राहिला. मोठ्या गोष्टी बोलून घ्यायला हव्या होत्या असं लोक म्हणतात. कोणत्या, ते मला अजून सुचलेलं नाही.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर बबनभाऊ माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. मागोमाग पुतण्या.

"सर, तुमी पेपरातलं मानूस. त्याचं दोस्त. ही गाडी कंच्या कंपनीची?"

मी कंपनी सांगितली. परदेशातली आहे, अशी गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली, हेही सांगितलं.

"जुनी मिळंल की कुटंतरी."

"भाऊ, ती शर्यतीची. तिला छप्पर नाही, दिवे नाहीत. बसायला एकच जागा असते."

"यकच?" त्यांनी पुतण्याकडे पाहिलं.

पुतण्या म्हणाला, "आबा, मंग आपण लाल रंगाची दुसरी घिऊ. सोमाटण्याच्या फुडं शोरूम हाय. तीन दिस झालं सांगतोय मी."

"तू गप. तुजा जीव कुटं अडकलाय ते म्हायती हाय मला."

इतक्यात वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"भावजी, घाटावर मला हसू आवरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पदर तोंडाला लावला, तर बायका पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, रडून घे. पण आता हसण्यावारी नेण्यासारखं नाही. भाऊ शब्दाचे पक्के आहेत. ते खरंच गाडी आणून दारात उभी करतील. मी गौरीकडे जाणार. ती इथे पाऊस खात उभी राहील, आणि येणारा-जाणारा म्हणेल, विजय हिच्यासाठी तळमळत गेला. ज्या माणसाने सायकलला कधी घंटा लावली नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर ते म्हणतील, बाई खर्चाला भिते. तुम्ही सांगा. माणूस गेला ते गेला. निदान नसलेल्या हावेसाठी नको ओळखला जायला."

मी बाहेर येऊन सांगितलं. भाऊ, त्याला गाडी नको होती, चित्र हवं होतं. त्याच्या कपाटात असे कितीतरी डबे आहेत, सगळे रिकामे. उठून कपाट उघडून दाखवलं. बबनभाऊंनी पिवळ्या उजेडातली ती चवड वरपासून खालपर्यंत पाहिली, एक डबा उचलून हलवला आणि परत ठेवला.

"मंग कावळा का शिवला?" त्यांनी विचारलं.

छत्रीचं उत्तर माझ्याजवळ होतं. ते मी दिलं नाही. ज्या माणसाने भावकीसमोर टोपी काढून धाकट्या भावाला विनवलं, त्याला छत्रीची गोष्ट सांगायला माझ्या अंगात तेव्हा बळ नव्हतं. तसं करणं अचूक झालं असतं एवढंच.

मी म्हणालो, "भाऊ, शब्द काय दिलात तुम्ही? लाल गाडी दाराशी आणून उभी करतो. ती आणलेलीच आहे. त्यानेच आणली. जोडून उभी करायची राहिलीय."

 ते उठले, तुझ्या फोटोला हात जोडले, त्यामागचा डबा हळूच काढला आणि हात लांब करून चित्र पाहिलं.

"ह्यात हाय ती?"

"सुट्या भागांत आहे."

"इज्या जोडायचा?"

"नाही. जोडतो मी. तो बघायचा."

"मंग चित्रातल्यागत हुईल का?"

यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. इतकी वर्षं तुला तेच दिलं. चित्र वेगळं, किट वेगळं, आणि कागदावर लिहिलंय तसंच मी बांधतो. ते तोंडापर्यंत आलं होतं. पण बबनभाऊ थांबले नव्हते.

"कारन मी चित्र बगून शब्द दिलाय, सर. ह्यातली गाडी पळतीया. तुमी हुबी ठिवून देनार आसाल तर त्ये न्हाई चालायचं."

तू त्यांना कधी हे सांगितलं होतंस का, हे मी वहिनींना नंतर विचारलं. नाही म्हणाल्या. तुम्हा भावांचं बोलणं पीकपाण्यापलीकडे गेलं नव्हतं.

त्या वेळी बबनभाऊंना मी हो म्हणालो.

पुतण्या म्हणाला, "आबा, गावात काय सांगायचं?"

"सांगायचं, गाडी घेतली. केवढी, त्ये कोन इचारतंय?"

डबा आपल्या टेबलावर सोडवला. वहिनींनी न सांगता ब्लेड आणून ठेवलं. तुझ्या खुर्चीवर बबनभाऊ बसले. आवरण मी कापलं, ते तुझं काम होतं. झाकण त्यांनी उघडलं. आत करड्या चौकटी, छोटे टायर, कागद. त्यांनी एक चौकट बोटांत धरून उजेडाकडे केली. नांगराच्या फाळाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"ह्यात गाडी कुटंय?"

"होईल."

"बरं." त्यांनी सगळे भाग उचलून माझ्या पिशवीत टाकले. "डबा माज्याकडं ऱ्हाऊ द्या. गाडी झाली की संगं ठिवून जुळवून बगीन. तवर शब्द फिटला न्हाई म्हना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. या घरात हे असंच होत आलंय, हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही. ते डबा काखेत मारून इंदुरीला गेले. वहिनींनी तुझा फोटो रिकाम्या झालेल्या जागेत थोडा मागे सरकवला.

आता दुपारी मी खिडकीपाशी बसतो. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, चिमट्यातून भाग निसटतो, मग फरशीवर वाकून शोधावा लागतो. काम पुढे सरकत नाही. नुसती जोडायची असती तर झाली असती. पण शिंतोडे किती उंचावर उडालेत, गळपट्टा कुठल्या बाजूला वळलाय, ओल्या टायरचा काळा आणि कोरड्या टायरचा काळा यांत फरक कसा करायचा, हे सूचनांच्या कागदात नाही. ते चित्रात आहे, आणि चित्र इंदुरीला आहे. इतकी वर्षं तुझे डबे माझ्यासमोर होते. मी ते पाहिले नाहीत, असं आता म्हणावं लागेल. पाहिले असते तर आज इतकं अडलं नसतं.

काल पुढच्या चाकांपाशी अडलो तेव्हा बबनभाऊंना फोन केला.

"भाऊ, डबा जवळ आहे का?"

"म्होरंच हाय. भितीला फळी ठोकलीया त्याला."

"पुढची चाकं कोणत्या बाजूला वळलीत, तेवढं सांगा."

"थांबा, चष्मा घितो." मागे कोणीतरी म्हशीला हाकलत होतं. मग ते परत आले. "आपल्या उजव्या हाताला. म्हंजे तिच्या डाव्या." थोडं थांबले. "आन सर, यक इचारू? ह्ये उजव्या हाताचं म्होरलं चाक तुमी आसंच ठिवनार का?"

"असंच म्हणजे कसं?"

"वर. टेकल्यालं न्हाई की त्ये. सावली खाली पडलीया, सुटी."

मी त्यांना चाक टेकलंय की नाही असं विचारलेलं नव्हतं. आपला वाद त्यांना माहीत नव्हता. हे दोन्ही नोंदवतो.

"नक्की?" मी म्हणालो.

"आता नक्की म्हंजे काय? बोट जाईल मदनं येवडी फट हाय. तुमाला दिसली न्हाई व्हय?"

मी म्हणालो, नाही दिसली. ते म्हणाले, असूं द्या, वयानं हुतं तसं. मग पाऊसपाण्याचं विचारून त्यांनी फोन ठेवला.

दुसरा मिळाला, विजय. छापतोय.

सूचनांच्या कागदात चारही चाकं एका पातळीत बसवायला सांगितली आहेत, त्यासाठी वेगळं चित्रही दिलंय. तो कागद मी घडी करून तू दिलेल्या डब्यात ठेवला. पुढच्या चाकांचा दांडा कापला, तिरपा केला आणि पुन्हा जोडला. तीन चाकं टेबलाला टेकली आहेत. चौथ्याखाली, गोंद वाळेपर्यंत आधार म्हणून, आगपेटीची काडी ठेवली होती.

गोंद सकाळीच वाळला. काडी मी अजून काढलेली नाही.